फॅक्टोरियल पायात अंक पुन्हा येतात तेव्हा: या चुका टाळा

फॅक्टोरियल पाया ही संख्या लिहिण्याची एक पद्धत आहे. तिच्यात स्थानांच्या किमती उजवीकडून फॅक्टोरियल (४! म्हणजे १×२×३×४), म्हणजे १!, २!, ३!, ४! म्हणजे १, २, ६, २४ अशा चढत जातात, आणि स्थानाच्या क्रमांकापेक्षा मोठा अंक तिथे चालत नाही. म्हणून ‘२२२’ शोधत बसू नका. शेवटच्या स्थानावर ० किंवा १ एवढंच बसतं, त्यामुळे सगळे अंक सारखे हवे असतील तर ते १च असणार. १, ११, १११... यांच्या नेहमीच्या दशमान किमती: १, ३, ९, ३३, १५३, ८७३, ५९१३... तुमच्याकडे २, ४, १०, ३४, १५४ येत असेल, तर बेरजेत ०! (त्याची किंमतही १च) शिरला आहे. ३३पासून प्रत्येक पद ३ने संपलं पाहिजे, कारण ५!पासून पुढे एककाला शून्यच असतं.

रूपांतर करताना भाजक दर पायरीला वाढवायचा असतो. ४६३ला २ने भागा, बाकी १. भागाकार २३१ला ३ने, बाकी ०. ७७ला ४ने, बाकी १. १९ला ५ने, बाकी ४. ३ला ६ने, बाकी ३. बाक्या उलट्या क्रमाने वाचा: ३४१०१.

खरा घोळ व्याख्येत असतो. ‘अंक पुन्हा येतो’ म्हणताना शून्य धरायचं का? न धरल्यास अंक पुन्हा येणाऱ्या संख्यांची क्रमिका ३, ७, ८, ९, ११, १५, १६, १७, २१ अशी सुरू होते. धरल्यास ६, १२, १८ही आत येतात, कारण ६ म्हणजे १००. दोन्ही व्याख्या चालतात, पण एका यादीत दोन्ही नकोत. काहीजण उजवीकडे ०!चं कायम शून्य असलेलं स्थानही लिहितात. मग १०चं १२० न राहता १२०० होतं आणि शून्य उगाच दोनदा मोजलं जातं. रुंदी सारखी ठेवायला डावीकडे भरलेल्या शून्यांचंही तेच.

सगळ्यात बेरकी चूक म्हणजे प्रोग्राममध्ये अंक जोडून स्ट्रिंग (चिन्हांची सलग ओळ) करणं आणि तिच्यात पुनरावृत्ती शोधणं. लाखापर्यंत तपासा, कोटीपर्यंत तपासा, उत्तर बरोबरच येईल. पण १०!च्या स्थानावर ‘१०’ हा एकच अंक असू शकतो. ३,६२,८८,००१ घ्या: डावीकडे १०, मग आठ शून्यं, शेवटी १. शून्य सोडल्यास इथे काहीच पुन्हा आलेलं नाही, पण स्ट्रिंगला १ दोनदा दिसतो. शून्य न धरणाऱ्या क्रमिकेत चुकीचं उत्तर पहिल्यांदा इथेच येतं. तेव्हा अंक यादीत ठेवा, छापताना मध्ये स्वल्पविराम द्या आणि ही संख्या चाचणीत घालाच.