फूटर कोणाचा?

वेबसाइट बनवायला शिकल्यावर मला पहिलं काम मिळालं ते सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं. पान दिसायला झकास झालं. तळाच्या भागात, म्हणजे फूटरमध्ये, पत्ता, फोन, कॉपीराइट, सगळं जागच्या जागी.

माझा मावसभाऊ दृष्टिहीन आहे. तो एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. त्याच्यासमोर पान उघडलं. 'डी' दाबत तो पानाच्या एकेका मुख्य भागावर उड्या मारत गेला आणि थांबला. "दादा, फोन नंबर कुठाय? मेनच्या पुढं काहीच लागंना."

नंबर तर फूटरमध्येच होता! रात्री कोड उघडून बसलो तेव्हा कळलं, मी अख्खा फूटर मेन टॅगच्या आत, म्हणजे पानाच्या मुख्य मजकुराच्या खुणेत, लिहिला होता. डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नाही. पण फूटर साऱ्या पानाचा असेल तरच ब्राउझर त्याला 'कंटेंटइन्फो' (पानाविषयीची माहिती) म्हणून ओळख देतो आणि 'डी' दाबल्यावर तो सापडतो. मेन, आर्टिकल (लेख), सेक्शन (विभाग), असाइड (बाजूचा मजकूर) किंवा नॅव्ह (मेन्यू) या टॅगच्या पोटात गेला की ती ओळख जाते. नुसत्या डिव्हमध्ये, म्हणजे स्वतःचा अर्थ नसलेल्या साध्या डब्यात, आला तर हरकत नाही. मी मेनचा शेवटचा टॅग फूटरच्या वर नेला, बस.

म्हणून नव्यांना मी आधी हेच विचारतो: हा फूटर कोणाचा? एका पानावर कितीही फूटर चालतात. चादरींवरच्या प्रत्येक लेखाला आर्टिकलमध्ये स्वतःचा फूटर द्या, त्यात लेखकाचं नाव, तारीख, संबंधित दुवे घाला. फूटरच्या आत दुसरा फूटर किंवा हेडर (माथ्याचा भाग) मात्र चालत नाही. कॉपीराइटच्या ओळीला स्मॉल टॅग, म्हणजे बारीक अक्षरातल्या टिपेची खूण, शोभतो.

अ‍ॅड्रेस टॅगमध्ये बरेच जण फसतात. तो पानाच्या किंवा लेखाच्या मालकाशी संपर्क साधण्यासाठी आहे. कारखान्याचा पत्ता त्यात बसतो, पण गावोगावच्या विक्रेत्यांची यादी साध्या परिच्छेदात किंवा लिस्टमध्येच लिहा.

फूटरसारखे टॅग आणणारं एचटीएमएल ५, म्हणजे वेबपानं लिहिण्याच्या भाषेची आवृत्ती, २०१४ साली अधिकृत मानक झालं. जुन्या कोडमध्ये 'फूटर' क्लास (नावाची चिठ्ठी) दिलेले डिव्ह अजून भेटतात. तिथे नुसता डिव्ह काढून फूटर टाकला तरी चालतं, फक्त तो कशाच्या आत आहे ते बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी मावसभावाला पान पुन्हा दिलं. 'डी' दाबत तो थेट तळाशी पोचला, नंबर ऐकला आणि तिथल्या तिथे फोन लावला. मालकांनीच उचलला. त्यानं आईसाठी दोन टॉवेल सांगितले.