"बघितलंस का ऐकलंस?": मिशनशास्त्र शिकायला निघालेल्यांसाठी

मिशनशास्त्र म्हणजे ख्रिस्ती साक्षकार्याचा अभ्यास. त्यासाठी बी.डी.ला (ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या पदवीला) गेलात की सत्याचे तीन सिद्धांत लवकरच पाठ होतील: वस्तुस्थितीशी जुळतं ते सत्य, इतर ज्ञानाशी सुसंगत ते सत्य, व्यवहारात टिकतं ते सत्य. तिथं फार रेंगाळू नका. तत्त्वज्ञ एडमंड गेटिअरचा 1963 चा लेख मात्र मुळातून वाचा. जेमतेम तीन पानांत त्याने 'सकारण आणि खरी समजूत म्हणजे ज्ञान' ही व्याख्या खिळखिळी केली.

कस लागतो तो गावात. खानापूर तालुक्यात अंगणात शेंगा निवडत बसलेल्या एका आजींनी मला विचारलं, "येशू उठला म्हणतेस, ते बघितलंस का ऐकलंस?" मी म्हटलं, "ऐकलंय आजी." त्यांनी सुपातली शेंग फोडली आणि म्हणाल्या, "मग सांगणारा कसा होता ते सांग."

न्यायदर्शन, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानातली तर्काची परंपरा, नेमकं हेच विचारतं. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (सारखेपणावरून ओळखणं) आणि शब्द ही त्याची चार प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं, आणि आप्त तो, ज्याला ठाऊक असतं आणि जो ते खरं सांगतो. आपली जन्मतारीखसुद्धा आपल्याला अशीच कळलेली असते. ख्रिस्ती साक्ष या प्रमाणात बसते, म्हणून तिची तपासणीही याच कसोट्यांनी होऊ द्या. 'ज्याचं त्याचं खरं' म्हणून विषय मिटवणं मला त्या आजींच्या प्रश्नाचा अपमान वाटतो.

ब्रिटिश मिशनरी आणि लेखक लेस्ली न्यूबिगिन जरूर वाचा. 1936 मध्ये ते तामिळ मुलखात आले. तिथं रामकृष्ण मिशनच्या मठात आठवड्यातून एक संध्याकाळ साधूंबरोबर जमिनीवर बसून ते उपनिषदं आणि शुभवर्तमानं वाचत. मठात थोर धर्मपुरुषांच्या तसबिरींत येशूचीही होती, नाताळला तिची पूजाही व्हायची. न्यूबिगिनना कळलं, की येशूला तिथं आधीच ठरलेल्या चौकटीत बसवलंय. चौकटीशिवाय कुणीच जाणत नाही, पाश्चात्त्य माणूसही नाही, हे ते पुढे शास्त्रज्ञ-तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यीच्या आधाराने मांडतात. तरीही आपलं म्हणणं सगळ्यांसाठी खरं आहे, असा दावा ते सोडत नाहीत. हा ताण समजून घ्यायला वेळ द्या, घाई नको.

मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी तर आपल्या बेळगावचे. जन्म 1831 चा, शिक्षण इथल्या मिशन शाळेत आणि मुंबईत, बाप्तिस्मा 1854 मध्ये. त्यांचं 'अरुणोदय' हे आत्मचरित्र वाचताना वाचन, वाद आणि शंका यांतून त्यांचा निर्णय कसा पिकत गेला, तिकडे लक्ष ठेवा.

अभ्यास बहुधा इंग्रजीत होईल. प्रत्येक प्रकरणाचा मुद्दा अर्ध्या पानात मराठीत लिहा आणि ख्रिस्ती नसलेल्या एखाद्या कन्नड मैत्रिणीला सांगा. ती जिथं अडवेल तिथं खूण करा आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात विचारा.