टबातलं कमळ: पान जपा, कंद जगेल

कमळाचं मोठं पान उन्हात तापलेलं असताना त्याच्या मधोमध ओंजळभर पाणी ओता आणि वाकून बघा. देठ पानाला जुळतो, त्या फिकट ठिपक्यापाशी बारीक बुडबुडे येताना दिसतात. चिखलात रुतलेल्या कंदाला हवा पुरवतात ती ही पानं. देठातल्या पोकळ नळ्यांतून हवा खाली जाते आणि परत वर येते. टबातल्या कमळाची बरीचशी काळजी या एका गोष्टीवरून ठरते.

आधी हातात आलेलं रोप कमळाचंच आहे ना, ते पाहून घ्या. कमळ म्हणून कुमुदिनी सर्रास दिली जाते. कुमुदिनीच्या पानाला कडेपासून देठापर्यंत चीर असते. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मध्ये, आणि मोठी पानं पाण्याच्या वर छत्रीसारखी उभी.

टब तळाला भोक नसलेला, गोल, तोंडाशी 50 ते 60 सेंमी रुंद घ्या. गोलच, कारण कंदाचं टोक मातीतून सतत पुढे सरकतं आणि चौकोनी टबाच्या कोपऱ्यात अडकून मुडपतं. रोज किमान 6 तास थेट ऊन मिळेल अशा जागी तो रिकामा असतानाच ठेवा, भरल्यावर हलत नाही. उन्हाच्या बाबतीत तडजोड करू नका. सावलीत पानं येतील, फुलांची वाट बघत बसाल.

माती चिकण किंवा गाळाची हवी, साधारण 15 सेंमी थर. कोकोपीट घातलेलं कुंडीचं मिश्रण पाण्यावर तरंगतं. शेणखत घालायचंच तर जुनं, पूर्ण कुजलेलं, दोन मुठी आणि अगदी तळाशी.

आता लावणी. कंदाला दोन-तीन पेरं आणि शाबूत कोंब हवा. हा कोंब पिवळसर, टोकदार असतो आणि बोटाच्या साध्या धक्क्याने काडकन तुटतो, म्हणून कंद कोंबाकडून कधीच उचलू नका. टबाच्या कडेला तो आडवा ठेवा, कोंब मध्याच्या दिशेला आणि मातीच्या किंचित वर. बाकी कंद मातीने झाका, तरंगू नये म्हणून वर एक चपटा दगड ठेवा. सुरुवातीला पाणी मातीवर 5 सेंमी पुरे. पानं वाढतील तसं ते 10-15 सेंमीपर्यंत न्या. उथळ पाणी लवकर तापतं आणि कोंबाला ऊब लागते.

बियांपासूनही कमळ होतं, फक्त धीर हवा. बीचं कवच इतकं घट्ट असतं की चीनमधल्या एका कोरड्या तळ्याच्या गाळात सापडलेलं सुमारे 1,300 वर्षांपूर्वीचं बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवलं आहे. म्हणून बी पॉलिश पेपरवर घासा. तपकिरी कवचाखालचा फिकट थर दिसला की लगेच थांबा. मग कोमट पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला. आठवड्याभरात बहुधा हिरवा कोंब फुटतो. मुळं दिसू लागली की चिखलात लावा. या रोपांना सुरुवातीला कसलंही खत देऊ नका, कोवळी मुळं जळतात.

कंदाच्या रोपालाही घाई नको. पहिली पानं पाण्यावर नाण्यांसारखी पसरतात. त्यानंतर पाण्याबाहेर उभी राहणारी पाच-सहा पानं आली की मगच खताची गोळी कागदात गुंडाळून मातीत खोल खुपसा, कंदापासून दूर.

पिवळी पानं कापताना मात्र फार जपा. माझ्या पहिल्या टबातलं रोप याच चुकीने गेलं: स्वच्छतेच्या हौसेने सगळे देठ पाण्याखालून कापले, नळ्यांत पाणी शिरलं आणि पंधरा दिवसांत कंद मऊ पडून वास मारू लागला. देठ नेहमी पाण्याच्या पातळीच्या बराच वर कापा. हिरव्या पानाला तर हातच लावू नका.

डासांच्या अळ्यांसाठी टबात चार गप्पी मासे सोडा. शेवाळ हाताने काढा. पानांची सावली पडली की ते आपोआप कमी होतं. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, दिसला तर पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुऊन टाका. औषध फवारलं तर मासे मरतील.

फूल तीन-चार दिवस टिकतं. थंडी पडून दिवस लहान झाले की पानं सुकतात. रोप मेलं असं समजून टब उपडा करू नका, कंद तेव्हा खाली जाड होत असतात. फक्त माती कोरडी पडू देऊ नका आणि पाणी कंदापर्यंत गोठू देऊ नका. थंडी सरताना, नवे कोंब हलायच्या आधी, टब रिकामा करा. एका कंदाचे अनेक झालेले असतील, कडेने गोल गोल वेटोळे घालून बसलेले. ते ओढून काढू नका. पाण्याच्या धारेने चिखल धुऊन एकेक सोडवा, आणि कोंब शाबूत असलेले तेवढेच पुन्हा लावा.