देवस्थानाच्या वेबसाइटचा मोबाइल मेनू असा करा

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या देवस्थानांचे कुळावी, म्हणजे तिथली देवता ज्यांची कुलदेवता आहे ते लोक, मुंबई-पुण्यापासून कारवारपर्यंत पसरलेले आहेत. कुलदेवतेला यायचं ठरलं की वेबसाइट उघडली जाते ती बहुधा फोनवरच. हवी ती माहिती त्यांना लगेच मिळायला हवी.

सुरुवात देवस्थानाच्या कचेरीतल्या फोनपासून करा. आठवडाभर लोक काय विचारतात ते वहीत लिहून काढा. अभिषेकासाठी आधी कळवावं लागतं का? अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या भक्तनिवासात, खोली मिळेल का? पालखी कधी? करमळी स्टेशनावरून कसं यायचं? हेच प्रश्न तुमचा मेनू ठरवतील. समितीचे फोटो नि अहवाल सगळ्यांत वर हवेत, असा आग्रह होईल. तिथे ठाम राहा.

सर्वाधिक विचारली गेलेली चार कामं स्क्रीनच्या तळाशी, कायम दिसणाऱ्या पट्टीत ठेवा. एका हातात फोन असला तरी अंगठा तिथे सहज पोचतो. बाकीचं सगळं तीन आडव्या रेघांच्या बटणात जाऊ द्या. ही खूण १९८१च्या झेरॉक्स स्टार संगणकापासूनची, तरी अनेक वडीलधाऱ्यांना तिचा अर्थ लागत नाही. रेघांशेजारी ‘मेनू’ असं लिहाच.

नावं आखूड हवीत. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर चार बटणांना प्रत्येकी ९० पिक्सेल मिळतात. त्यात ‘भाविकांसाठी निवासव्यवस्था’ मावणार नाही, ‘खोल्या’ मावेल. ‘पूजा’, ‘उत्सव’, ‘कसे याल’ हीसुद्धा पुरेशी आहेत. देवनागरीसाठी ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर ‘पूजा’चा ऊकार खालून कापला जातो. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार थीममध्ये (वेबसाइटच्या साच्यात) हे हमखास होतं आणि फार वाईट दिसतं.

बटणाचा आकार ॲपल किमान ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरच्या लांबी-रुंदीची मापं). ४८ धरा, दोन बटणांत थोडी मोकळी जागाही सोडा. उपमेनू एकाच पातळीचा आणि बोट लावल्यावर उघडणारा असावा, कारण माउस वर नेला की उघडणारे मेनू फोनवर दगा देतात. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, निदान ४.५ : १ हवा. भर दुपारी देवळाच्या अंगणात उभं राहून ती वाचता येतात का, ते बघा.

मग साइट कधीच न पाहिलेल्या एखाद्या काकूंच्या हाती फोन द्या. “दोघांसाठी खोली बघा हां,” एवढंच सांगा आणि गप्प बसा. अंगठा अडखळेल तिथलं नाव किंवा जागा बदला आणि फोन दुसऱ्या कुणाला द्या.