‘डिगर्स घेऊन ये’ म्हणजे नक्की काय आणायचं? ब्रिटिश फौजेतली काट्या-चमच्यांची बोली

ब्रिटिश सैनिकांच्या आठवणी वाचताना किंवा मराठीत आणताना लढाईच्या वर्णनापेक्षा जेवणाच्या प्रसंगात जास्त ठेचा लागतात. सार्जंट ओरडतो, ‘डिगर्स अँड मग!’ शब्दकोशात डिगर म्हणजे खणणारा, म्हणून भाषांतरात फावडं येतं. प्रत्यक्षात सुरी, काटा, चमचा आणि मग घेऊन रांगेत उभं राहायचं असतं.

असा शब्द आला की आधी तो एकवचनी आहे की अनेकवचनी, ते बघा. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. ‘डिगर्स’ म्हणजे जेवणाची हत्यारं. पण एकटा ‘डिगर’ बहुधा ऑस्ट्रेलियन सैनिक असतो, हे नाव पहिल्या महायुद्धापासूनचं. ‘आयर्न्स’ किंवा ‘इटिंग आयर्न्स’ म्हणजे पुन्हा तेच काटे-चमचे. एकवचनी ‘आयर्न’ मात्र बराकीतली इस्त्री. चमच्याच्या जागी इस्त्री आली, तर चूक वाचकाला लगेच दिसते. फावडं आलं तर कदाचित कळणारही नाही, कारण खंदकात फावडं असतंच.

मग बोलतंय कोण, ते बघा. सामानाच्या यादीत आणि लेखी सूचनेत ‘के. एफ. एस.’ येतं: नाइफ, फोर्क, स्पून. अक्षरं सुटी म्हणायची. मराठीत ‘काटे-चमचे’ पुरतं, पण तपासणीचा प्रसंग असेल तर तिन्ही वस्तू मोजून लिहा, कारण तिथे एक जरी हरवली तरी शिक्षा होऊ शकते. जुन्या चमच्यांवर सैनिकाचा क्रमांक ठोकलेला सापडतो तो यासाठीच. बाणासारखी खूण दिसली, तर ती सरकारी मालमत्तेची.

जागाही महत्त्वाची. साधे सैनिक जेवतात ते ‘कुकहाउस’मध्ये. ‘मेस’ ही अधिकाऱ्यांची किंवा सार्जंटांची. तिथे टेबल मांडलेलं असतं, त्यामुळे ‘आपले डिगर्स आणा’ हे वाक्य तिथे शोभत नाही. नौदलाच्या पुस्तकात कुकहाउसच्या जागी ‘गॅली’ आणि जेवणाला ‘स्क्रॅन’ येईल. भूदलात जेवण म्हणजे ‘स्कॉफ’.

मैदानात तीन वस्तूंची एक होते: ‘रेसिंग स्पून’. खिशात कायम तयार असलेला, बहुतेक वेळा दोरीने बांधलेला चमचा. शब्दशः ‘शर्यतीचा चमचा’ केलात तर लिंबू-चमचा आठवेल, म्हणून ‘खिशातला चमचा’ बरा. काटा मागे का राहतो, हे रेशन पाहिलं की कळतं. जेवण पाकिटात शिजवलेलं, घासाएवढ्या तुकड्यांचं असतं. सुरीला काम नसतं आणि काट्याने पाकीट फुटतं. लांब दांड्याचा चमचा तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो, आखूड असेल तर बोटं रश्श्यात बुडतात. पहिल्या महायुद्धात हाच चमचा पायाला गुंडाळलेल्या पट्टीत खोचलेला असे.

‘मेस टिन’ म्हणजे एकात एक बसणारे, दुमडत्या दांड्यांचे दोन चौकोनी अल्युमिनियमचे डबे. त्यात पाणी उकळून पाकीट गरम करतात आणि त्याच पाण्याचा चहा होतो, म्हणून पाकीट फुटलं तर चहाही गेला. ‘डबा’ लिहिलं तर चालेल, पण तो चुलीवर चढतो हे वाक्यात कुठेतरी येऊ द्या.

‘डिक्सी’ मात्र आपलीच. हिंदुस्तानीतल्या ‘देगची’वरून ती गोऱ्या पलटणींच्या तोंडी बसली, आपली डेचकीही त्याच कुळातली. तरी ‘डेचकी’ लिहू नका. आपल्या डेचकीत चार माणसांचं वरण होतं, तर पलटणीची डिक्सी तुकडीभर चहा उकळायची. ‘मोठं पातेलं’ किंवा ‘देग’ लिहा.

मगाबद्दल एकच गोष्ट. ‘नाटो स्टँडर्ड’ म्हणजे दूध आणि दोन चमचे साखर घातलेला चहा. ‘जुली अँड्र्यूज’ म्हणजे दूध घातलेला, बिनसाखरेचा चहा. ही ‘द साउंड ऑफ म्युझिक’ सिनेमात नन होऊ पाहणाऱ्या मुलीचं काम केलेली गोरी नटी. दुधाच्या चहाला इंग्रजीत ‘व्हाइट’ म्हणतात, म्हणून ही गोरी ‘नन’ (जोगीण) आणि ‘साखर नाही’ या अर्थाचा इंग्रजी ‘नन’ यांच्या उच्चारावरची कोटी. देवनागरीत दोन्ही तशीही सारखीच दिसतात, त्यामुळे ही कोटी भाषांतरात चक्क टिकते.