जुनी आलिशान गाडी घेण्यापूर्वी गंजाची तपासणी

मुंबईहून किंवा सुरतेहून जुनी मर्सिडीज वा बीएमडब्ल्यू जळगाव-धुळ्याकडे आणायची असेल, तर सौदा ठरवण्यापूर्वी गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहावी, आणि विकणारा त्याला तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. खान्देशची हवा कोरडी असली तरी खाऱ्या हवेत पत्र्याच्या सांध्यांत शिरलेला गंज इथे आल्यावर थांबत नाही.

सोबत टॉर्च, लहान चुंबक आणि विश्वासातला डेंटर असावा. चुंबक नीट चिकटत नसेल, तर रंगाखाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असण्याची शक्यता असते. मात्र ई ६० या सांकेतिक नावाच्या पिढीतील बीएमडब्ल्यू ५ सिरीजचे बोनेट आणि पुढचे मडगार्ड अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने तिथे चुंबक मुळातच चिकटत नाही. ही परीक्षा दारांवर आणि मागच्या मडगार्डवर घ्यावी.

डब्ल्यू २१० पिढीची मर्सिडीज ई-क्लास असेल, तर सर्वाधिक वेळ पुढच्या स्प्रिंगच्या वरच्या बैठकीला द्यावा. ही बैठक आतल्या पत्र्याला वेल्ड केलेली असते. सांध्यावरच्या सीलरखाली पाणी मुरते, बाहेर रंग जेमतेम फुगलेला दिसतो आणि आत पत्र्याचे पापुद्रे सुटत जातात. शेवटी बैठक निखळते आणि गाडीचा तो कोपरा एकाएकी चाकावर बसतो. त्यावर नुसता काळा रंग मारून गाडी विकणे मला अक्षम्य वाटते.

२०२२ मध्ये मर्सिडीजने एमएल, जीएल आणि आर-क्लासच्या जुन्या गाड्या जगभरातून परत बोलावल्या, कारण ब्रेक बूस्टरवरील (पायाचा जोर वाढवून ब्रेक लावणाऱ्या भागावरील) रबरी आवरणाखाली ओल साचून तो गंजू शकत होता. यांपैकी गाडी घेताना चेसिस नंबर अधिकृत सेवा केंद्रात दाखवून तपासणी झाली आहे का, हे विचारावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाचा डाग आहे का आणि सीटखालचे रूळ गंजले आहेत का, हेही पाहावे. पुरात बुडालेली गाडी बहुधा तिथेच ओळखू येते.

गंज कुठे आहे आणि कोणती दुरुस्ती झाली आहे, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्यावे. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव लगेच बदलावे; ते विकणाऱ्याच्याही हिताचे आहे, कारण अपघातात भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. झीज आणि गंज विम्यात धरले जात नसल्याने दुरुस्तीचे पैसे वेगळे काढूनच किंमत बोलावी. गाडी निम्म्याहून कमी दरात मिळाली, तरी तिच्या सुट्या भागांचे दर त्यामुळे उतरत नाहीत.

गाडी घरी आल्यावर शेतरस्त्यावरची काळी माती चाकांवरच्या पोकळीत साचू देऊ नये, कारण ती ओल दिवसेंदिवस धरून ठेवते. पावसाळ्यात खालून पाण्याचा फवारा मारावा, आणि मृगापूर्वी सनरूफच्या व पुढच्या काचेखालच्या निचऱ्याच्या नळ्या मोकळ्या करून घ्याव्यात.