लठ्ठपणाच्या बातमीकडे व्हाउचर मागा

२६ वर्षं मी लोकांचे हिशेब तपासते आहे, आणि जवळपास तितकीच वर्षं माझं वजन ९० ते १०४ किलोंच्या मध्ये येरझाऱ्या घालतं आहे. त्यामुळे 'लठ्ठपणाचं कारण सापडलं' किंवा 'आता वजन झटक्यात उतरणार' अशी बातमी आली रे आली की ती मला कुणीतरी पाठवतंच. पाठवतात प्रेमानंच. पण महिन्याला चार कारणं आणि सहा उपाय हातात पडायला लागले की माणूस एक तर सगळ्यावर विश्वास ठेवतो, नाही तर कशावरच ठेवत नाही. मी दोन्ही करून पाहिलं. मग एकदा वैतागून ठरवलं, ऑफिसात परक्याच्या कागदाचं जे करते तेच याचं करायचं. त्याला वैद्यकाची पदवी लागत नाही. बातमीमागच्या मूळ शोधनिबंधाचा सारांश बहुतेक वेळा फुकट वाचायला मिळतो, आणि बातमीपेक्षा तो पुष्कळदा छोटाही असतो.

आधी नोंद कुठल्या खात्यात जाते ते ठरवा. माझ्या वहीत तीन खाती आहेत: कारण, नजर, इलाज. लठ्ठपणा कशानं येतो, लठ्ठ माणसाकडे लोक कसं बघतात, आणि वजन उतरवायला काय उपयोगी पडतं. निम्मे घोळ एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात टाकल्यामुळे होतात. इंजेक्शननं भूक कमी झाली आणि वजन उतरलं, ही इलाजाची नोंद. तिच्यावरून 'म्हणजे आधी तोंडावर ताबाच नव्हता' असं कारण काढता येत नाही. चष्मा लावल्यावर दिसायला लागलं म्हणून डोळे आळशी होते असं कुणी म्हणतं का?

उलटंही होतं. १९८६ साली डेन्मार्कमध्ये लहानपणी दत्तक गेलेल्या ५४० प्रौढांचा अभ्यास छापून आला. त्यांच्या अंगकाठीचं नातं जन्मदात्यांशी जुळलं, वाढवणाऱ्या आईवडिलांशी जुळलं नाही. ही कारणाची नोंद. हे वाचून माझा भाऊ म्हणाला, 'मग काही करून उपयोगच नाही.' असं त्या अभ्यासात कुठे म्हटलंय? शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार १९९० नंतर प्रौढांमधला लठ्ठपणा दुपटीहून जास्त वाढला आणि २०२२ मध्ये जगातल्या दर ८ माणसांपैकी १ लठ्ठ होता. इतक्या थोड्या वर्षांत जनुकं बदलत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. महागाई सगळ्यांसाठीच वाढते. कुणाचा खर्च किती फुगतो ते घराघरावर असतं.

आता कॅलरीचा जमाखर्च. 'खाल्लं जास्त, खर्चलं कमी, बस्स' असं सांगणारा माणूस चुकीचं बोलत नाही. तो फक्त ताळेबंद वाचून दाखवतो. ताळेबंद जुळतोच, तो जुळण्यासाठीच केलेला असतो. धंदा का बुडाला ते त्यातून कळत नाही. म्हणून निबंधात 'का' शोधा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना महिनाभर ठेवून घेतलं: दोन आठवडे कारखान्यात भरपूर प्रक्रिया झालेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न. ताटात मांडलेल्या कॅलरी, साखर, मीठ, तंतू दोन्हीकडे सारखे, आणि हवं तेवढं खायची मुभा. पहिल्या प्रकारात लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत ०.९ किलो वाढले. दुसऱ्यात तेवढेच उतरले. २०१९ चा हा निबंध. माणसं तीच होती, त्यांचा निश्चयही तोच होता, ताट तेवढं बदललं होतं.

आणि खर्चाची बाजू जमेच्या बाजूला बांधलेली असते, हे कुठलंही ॲप सांगत नाही. टीव्हीवरच्या वजन उतरवायच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर त्या आकारमानाच्या हिशेबानं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळत होतं, वजन बरंचसं परत आलेलं असूनही. उत्पन्न घटलं की घर आपणहून दिवे मालवायला लागतं. म्हणून '७७०० कॅलरी कमी म्हणजे एक किलो कमी' या भागाकारावर काढलेली सरळ रेघ दिसली की मी पुढे वाचत नाही.

यानंतरचा प्रश्न माझा सर्वांत आवडता: व्हाउचर कुठे आहे? म्हणजे, लोकांनी किती खाल्लं ते मोजलं कसं? पुष्कळ अभ्यासांत लोकांना नुसतं विचारलेलं असतं. आमच्याकडे याला पावतीविना खर्च म्हणतात. १९९२ मध्ये 'आम्ही १२०० कॅलरीच खातो, तरी वजन हलत नाही' म्हणणाऱ्या १० जणांना नीट मोजलं गेलं. त्यांनी सांगितलेलं खाणं खऱ्यापेक्षा ४७ टक्के कमी निघालं, आणि सांगितलेली हालचाल ५१ टक्के जास्त. मोजायची युक्ती मोठी सुंदर आहे. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला देतात. हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो, ऑक्सिजन पाण्यावाटे आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. एक-दोन आठवडे लघवी तपासून दोन्हींतला फरक काढला की किती कार्बन डायऑक्साइड बाहेर गेला, म्हणजे किती ऊर्जा जळली, ते कळतं. शब्दावर न जाता थेट बँकेचं स्टेटमेंट मागवण्यासारखंच.

हे वाचून मला राग आला होता. मी काय खोटारडी आहे? मग १४ दिवस स्वतःचं व्हाउचर ठेवलं. स्वयंपाकघराच्या दाराला दोरीनं पेन बांधलं आणि तोंडात काहीही जायच्या आधी लिहायचं, नंतर नाही, असा नियम केला. तिसऱ्या दिवशी रात्री भांडी आवरताना तळाशी उरलेले दोन घास उचलले, आणि हात खरकटे म्हणून पेन धरता येईना. तिथेच उभी राहिले. हे घास मी इतकी वर्षं रोज खात होते आणि एकदाही 'खाणं' म्हणून मोजले नव्हते, कारण बसून खाल्लेले नव्हते. खोटं बोलत नव्हते, खतावणीच अपुरी होती. तुम्हीही हे करून बघा, पण दोन आठवडेच. त्यापुढे ते जाच होतं, आणि खाण्याशी ज्यांचं आधीच भांडण आहे त्यांनी तर करूच नये.

मग सरासरीकडे वळा, किंबहुना तिच्या पलीकडे बघा. १९९० मध्ये क्लॉड बुशार यांनी जुळ्या भावांच्या १२ जोड्यांना आठवड्यातले सहा दिवस, रोज १००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या, असे एकूण ८४ दिवस. सरासरी वाढ ८.१ किलो. पण कुणी ४.३ किलोच वाढला, कुणी १३.३, आणि एका जोडीतले भाऊ एकमेकांसारखेच वाढले. इलाजातही तेच. २०१८ मध्ये ६०९ जणांवर कमी चरबीचा आणि कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर ताडून पाहिला: सरासरी घट ५.३ आणि ६ किलो, म्हणजे फरक नाहीच. मात्र दोन्ही गटांत कुणी जवळपास ३० किलो उतरलं होतं, तर कुणी १० किलो वाढलंही होतं. 'कुठला आहार चांगला' यावर घराघरात होणारी भांडणं या एका आलेखानं थांबायला हवीत. थांबत नाहीत.

उंदरांवरचं काही आलं तर ते मी सरळ उचंत खात्यात टाकते, खुलासा होईपर्यंत. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं लेप्टिन या भूक आवरणाऱ्या संप्रेरकाचं जनुक शोधलं, ते नसलेले गलेलठ्ठ उंदीर लेप्टिन टोचल्यावर रोड झाले, आणि इलाज सापडला असंच सगळ्यांना वाटलं. पुढे कळलं की बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन आधीच भरपूर असतं, शरीर त्याचं ऐकत नाही. मात्र जन्मतःच लेप्टिन नसलेल्या मोजक्या मुलांना त्याच इंजेक्शनचा विलक्षण गुण आला. म्हणून उचंतातली नोंद फाडून टाकायची नाही.

नजरेचं खातं लोक वाचतच नाहीत, आणि मला तेच सर्वांत महाग पडलं. गुडघा दुखतो म्हणून गेले, तर डॉक्टरांनी हातही न लावता 'वजन उतरवा' म्हणून पाठवलं. आठ महिने तेच करत राहिले. दुसऱ्या डॉक्टरांनी गुडघा वाकवून, पिळून पाहिला, एमआरआय काढला: आतली गादी फाटली होती. तेव्हापासून मी एक वाक्य पाठ केलं आहे, तुम्हीही करा: 'हेच दुखणं सडपातळ माणसाला असतं तर तुम्ही काय तपासलं असतं?' शांतपणे विचारायचं, टोमणा वाटता कामा नये. हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ ते २०१६ मधल्या लाखो लोकांनी दिलेल्या, मनातला पूर्वग्रह मोजणाऱ्या चाचण्या पाहिल्या, तेव्हा वंश आणि लैंगिकतेबद्दलचा नकळत असणारा आकस कमी झालेला दिसला. जाड शरीराबद्दलचा उलट वाढलेला होता. आणि नजर दुसऱ्या बाजूलाही चुकते: ज्यांच्या मुलांचं वजन जास्त आहे अशा आईवडिलांपैकी साधारण निम्म्यांना ते जाणवतच नाही.

बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, तोही याच पानावर लिहा. हे सूत्र केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्याला सरासरी माणूस शोधायचा होता, रोगी नव्हे. आजचं नाव १९७२ मध्ये अँसेल कीझ यांनी दिलं. गर्दी मोजायला ते चांगलं, एकट्याला मोजायला कच्चं. आशियाई वंशाच्या लोकांना कमी आकड्यावरही धोका दिसतो, म्हणून २५ (जादा वजन) आणि ३० (लठ्ठपणा) या नेहमीच्या रेषांच्या जोडीनं त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ या रेषा सुचवल्या आहेत. २०२५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय आयोगानं तर सांगितलं, की कंबर वगैरे मोजून चरबीची खात्री करा, आणि अवयवांना त्रास सुरू झालाय की नाही ते वेगळं नोंदवा.

इलाजाच्या बातमीत टक्के दिसले की विचारा, कशाचे टक्के? सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शननं हृदयविकाराचा धोका २० टक्क्यांनी कमी, हे २०२३ चं वाक्य खरं आहे. हृदयविकार आधीच असलेल्या १७,६०४ जणांत झटका, पक्षाघात किंवा हृदयामुळे मृत्यू हे १०० मागे ८ ऐवजी साडेसहा जणांना झालं. दोन्ही आकडे बरोबर आहेत. निर्णय घेताना मी दुसरा वापरते. अशा चाचण्यांचा खर्च बहुधा औषध बनवणारी कंपनीच करते. त्यानं निकाल खोटा ठरत नाही, पण ताळेबंद कुणी छापला ते बघावं.

शेवटी, डॉक्टरांकडे निबंधांचा गठ्ठा नेऊ नका. एका चिठ्ठीवर दोन-तीन ओळी न्या. माझ्या गेल्या चिठ्ठीवर होतं: एक, माझ्यासारखी माणसं या चाचणीत होती का? मला मधुमेह आहे, आणि सेमाग्लुटाइडची गाजलेली १४.९ टक्के घट ज्या १,९६१ जणांच्या चाचणीत दिसली तिच्यात मधुमेही नव्हतेच. मधुमेहींच्या वेगळ्या चाचणीत त्याच औषधानं घट ९.६ टक्के होती. दोन, बंद केल्यावर काय? कारण थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आलं होतं.

पहिल्या ओळीला डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. दुसरी वाचून पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, 'ब्लडप्रेशरच्या गोळीसारखं धरा. पुढेही चालू ठेवायची तयारी असेल, तर सुरू करू.' मी महिनाभर मागून घेतला आहे. तोवर ती नोंद उचंतात.